बाबांनी बांधलेली तार



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. मलाही तसंच सुचवलं होतं. पण आज मी बोलणार आहे एका पावर टिलरबद्दल. आमच्या घरचा हा टिलर चाळीस वर्षांच्या घरातला आहे. 2023 साली आम्ही दोघा भावांनी तो पडवीत बसून पुरता उघडला, दुरुस्त केला, त्यात चार बदल केले आणि पुन्हा शेतात उतरवला. हे करताना घरातला एक जुना हिशेबही समोर आला. तो टाळून टिलरबद्दल बोलता येत नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

ज्यांनी टिलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं आधी. टिलर म्हणजे दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर. पुढे आडव्या सिलिंडरचं एकच इंजिन, मध्ये गिअरबॉक्स, मागे गोल फिरणाऱ्या पात्यांची रोटरी आणि तिच्याही मागे दोन लांब मुठी. त्या मुठी धरून माणूस चालतो. वजन चारशे किलोच्या आसपास, ताकद बारा-तेरा घोड्यांची. नांगर माती ओढत नेतो, रोटरी ती जागच्या जागी फोडते. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाची. 1912 साली त्याने वडिलांच्या शेतावरच्या इंजिनाला फिरती खुरपी जोडून पाहिली. पुढे 1920 मध्ये त्याने पेटंट घेतलं. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकडी पाती आजही आपल्या रोटरीला असतात. जपानातल्या लहान भातखाचरांत हात टिलर चांगला रुळला आणि तिथून जपानी सहकार्यानेच तो आपल्याकडे आला. बंगळूरची व्हीएसटी 1967 ची, केरळची कॅमको 1973 ची. आमचा टिलर कोणत्या कारखान्याचा ते मात्र सांगत नाही. जे घडलं त्यात यंत्राचा दोष नव्हता.

आमचं गाव चिपळूणपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, डोंगराच्या उतरणीला. खाचरं पायऱ्यांसारखी, एकाखाली एक. काही इतकी अरुंद की जोत वळवताना पुढचा बैल बांधावर चढायचा. मोठा ट्रॅक्टर तिथे पोचतच नाही. 1988 साली बाबांनी जुना टिलर विकत घेतला तेव्हा वाडीत तो पहिलाच. थोरला भाऊ, त्याला आम्ही भाई म्हणतो, आयटीआयमधून फिटर होऊन आला होता. यंत्र त्याच्या हाती आणि शेत बाबांच्या हाती, असा कारभार चालायचा. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे बी.ए. झालो, नोकरी लागेना, म्हणून घरी राहून कविता करायचो आणि पावसाळ्यात टिलरमागे चालायचो.

चिखलणी करताना कोपऱ्यात यंत्र अडतं. थोडं मागे घ्यावं लागतं. पण मागे घेताना रोटरी बंद हवी, कारण रोटरी चालणाऱ्याच्या पायापुढेच असते. रिव्हर्स पडला की फिरती पाती थेट माणसाच्या अंगावर येतात. चिखलात पाऊल पटकन निघत नाही. म्हणून आमच्या टिलरला दोन दांड्यांच्या मध्ये एक बोटभर रुंदीची लोखंडी पट्टी होती. रोटरी चालू असली की ती पट्टी रिव्हर्सची दांडी अडवायची. आधी रोटरी सोडा, मग रिव्हर्स टाका.

जुलै 1996. चिखलणी चालली होती. बाबा कोपऱ्यात टिलर मागे घेत होते, पाय घसरला आणि डावं पाऊल पात्यांत गेलं. इंजिन बंद करायला भाई बांधावरून धावत येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. तीन बोटं गेली, टाच वाचली. बाबा पुढे बारा वर्षं जगले, पण ओली वाट त्यांना नेहमीच जड गेली.

रोटरी चालू असताना रिव्हर्स पडलाच कसा, हा प्रश्न साऱ्या वाडीने विचारला. मे महिन्यातच भाईने गिअरबॉक्स खोलून ऑइल सील बदललं होतं. त्यामुळे उत्तर लोकांना सोपं वाटलं. जोडताना याने काहीतरी चुकवलं, असं बोललं गेलं. भाई काहीच बोलला नाही. त्याच्याकडे पंप आणि इंजिनं दुरुस्तीला यायची, ती हळूहळू कमी झाली. पुढच्या वर्षी त्याने चिपळूणला बिऱ्हाड केलं.

बरं वाटल्यावर बाबांनी एक गोष्ट केली. मांडव बांधायची जाड तार घेतली आणि रिव्हर्सची दांडी गिअरच्या खोक्याला पाच वेढे देऊन आवळून टाकली. त्यानंतर आमच्या घरी कुणी टिलर मागे घेतला नाही. कोपरा आला की दोघं जण मुठी उचलून तो हाताने फिरवायचे. कंबर मोडायची, पण तार कुणी सोडली नाही.

2008 साली बाबा गेले. 2009 साली वाटणी झाली. जमीन मोजली, भांडी मोजली, आणि टिलरपाशी गाडी अडली. पंचांनी तोडगा काढला: इंजिन भाईला, बाकीचा सांगाडा मला. भाईची नदीकाठी माडांची छोटी बाग होती, त्याने इंजिन पंपाला जोडलं. मी सांगाडा गोठ्याच्या मागे ताडपत्रीखाली ठेवला. पंचांना वाटलं, न्याय झाला. त्यानंतर आम्ही दोघं ईदला भेटायचो, लग्नात शेजारी जेवायचो. यापलीकडे बोलणं नव्हतं.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, ते तुम्हा सर्वांना आठवत असेल. भाईच्या घरात पुरुषभर पाणी होतं. मी चौथ्या दिवशी पोचलो. भाभी गाळ उपसत होती. अंगणात गाळाचा एक ढिगारा होता आणि त्यातून फ्लायव्हीलचं चाक दिसत होतं. शेजारचा एक मुलगा हौसेने हँडल लावायला निघाला, तसा भाई ओरडला, “हात लावू नको!” त्याचं बरोबर होतं. पुरातून निघालेल्या इंजिनाला कधीही हँडल मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचणारं इंजिन भंगारात जातं. पण त्या दिवसांत घर आधी होतं. इंजिन तसंच कोपऱ्यात राहिलं.

2022 च्या पावसाळ्यात माझी पाळी आली. बैल गावात उरले नव्हते, भाड्याचा टिलर ठरवला होता, तो बारा दिवस उशिरा आला. तरवा वाफ्यातच वाढून निबर झाला. जून झालेल्या रोपाला फुटवा कमी येतो, हे भात लावणाऱ्याला सांगायला नको. त्या वर्षी पीक निम्म्यावर आलं. नवा टिलर दोन लाखांच्या पुढे, अनुदानाची यादी लांब. डिसेंबरात मी भाईकडे गेलो आणि विचारलं, “इंजिन देशील का? काय होईल ते सांग.”

तो म्हणाला, “इंजिन देणार नाही. इंजिनाबरोबर मी येतो.”

जानेवारीत टेंपोतून इंजिन आलं, भाईची पत्र्याची हत्यारपेटी आली आणि भाई आला. चौदा वर्षांनी तो या घरात मुक्कामाला राहिला.

काम कसं केलं ते थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. पहिल्यांदा खालचा बोल्ट काढून ऑइल उतरवलं. आधी पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखा रबडा. हेड उतरवलं. पिस्टन लायनरमध्ये गंजून धरला होता. भाईने वरून डिझेल आणि रॉकेल मिसळून ओतलं आणि म्हणाला, आता आठ दिवस याच्याकडे बघायचं नाही. मला घाई. पण जाम झालेला पिस्टन हातोडीने ऐकत नाही, मुरण्याने ऐकतो. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून त्याने हलके टोले मारले आणि पिस्टन केसभर सरकला. लायनरला गंजाचे खड्डे होते, तो बदलला. पिस्टन, रिंगा, गास्केट नवं घेतलं. क्रँक लेथवाल्याकडून तपासून आणला, तो शाबूत निघाला. नोझल तपासलं तर फवाऱ्याऐवजी धार पडत होती, तेही बदललं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा सुमारे वीस पट दाबली की ती इतकी तापते की डिझेलचं तुषार पडताच पेटतं. त्यामुळे दाब आणि तुषार या दोन गोष्टी नीट असल्या की इंजिन चालतं, बाकी सगळी शोभा, असं भाईचं मत.

रमजान लागला तसं काम सकाळच्या वेळेपुरतं ठेवलं. तेव्हा सांगाडा घेतला. गिअरबॉक्स, साखळीचं खोकं, रोटरी. गिअरबॉक्समधलं जुनं ऑइल डांबरासारखं झालं होतं. इंजिन पुरात बुडालं तरी त्याच्या आधीच्या मालकाने त्याला फिरतं ठेवलं होतं. माझा सांगाडा कोरडा राहिला आणि न वापरता सडला. दोन बेअरिंगं आणि सगळी ऑइल सीलं गेली होती.

मग गाडी तारेपाशी आली. भाईने पक्कड उचलली. मी म्हणालो, “ती तार राहू दे. बाबांच्या हातची आहे.”

भाई म्हणाला, “यंत्र चालवायचंय की फोटोसारखं लावायचंय?”

आमचा या विषयावर दोन दिवस वाद झाला. माझं म्हणणं, बाबांनी ठेवलं तसंच हे यंत्र मला हवंय. रंगही तोच, तारही तीच. भाईचं म्हणणं, साठीला आलेले आपण, चारशे किलो उचलून कोपऱ्यात फिरवणार कोण? रिव्हर्स हवाच. आणि रिव्हर्स हवा तर अडवणारी पट्टी हवी. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच पक्कड घेतली आणि एकेक वेढा सोडवला. सत्तावीस वर्षांत तार लोखंडात रुतली होती. खालचं झाकण काढलं. भाईने ती पट्टी बाहेर काढली, डिझेलने धुतली आणि उजेडात धरली.

पट्टीचं टोक कानशीने घासलेलं होतं. तिरप्या, ओबडधोबड खुणा. फिटरच्या हातच्या नव्हत्या, हे कुणालाही कळलं असतं.

श्रोतेहो, त्या खुणा माझ्या होत्या. जून 1996 मध्ये, पहिल्या पावसानंतर, भाई कामावर गेला असताना मी त्याच्याच पेटीतली कानस घेऊन ती पट्टी घासली होती. प्रत्येक कोपऱ्यात आधी रोटरी सोडा, मग रिव्हर्स टाका, पुन्हा रोटरी लावा, याचा मला कंटाळा येत होता. पट्टी घासल्यावर काम झटपट व्हायला लागलं. बाबांनाही वाटलं, पोरगं हुशार झालं. पंधरवड्याने त्यांचा पाय गेला. मी कुणाला काही सांगितलं नाही. लोक भाईचं नाव घेत होते तेव्हाही नाही. बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हाही नाही. वाटणीच्या वेळी भाई माझ्याकडे बघायचं टाळत होता. तेव्हा मी मनाची समजूत घातली की हा सगळा जमिनीचा राग आहे.

कवितेत ओळ खोडली की ती छापताना दिसत नाही. लोखंडावरची कानस दिसते.

मी भाईला सांगितलं, “हे मी केलं होतं.”

तो गिअर धूत होता. धूत राहिला. मग म्हणाला, “चौदाचा पाना दे.” मी दिला. त्याने दोन बोल्ट सैल केले आणि खालमानेनेच म्हणाला, “मला ठाऊक आहे. बाबांचा पाय गेला त्याच रात्री मी झाकण उघडून पाहिलं होतं.”

“बाबांना?”

“मीच सांगितलं. त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही म्हटलं. म्हणाले, त्याचं त्याला सांगू दे.”

सत्तावीस वर्षं दोघांनी वाट पाहिली. एक जण वाट पाहतच गेला. दुसऱ्याचं गावातलं काम गेलं. मी माफी मागितली. तिचं काय करायचं हे भाईला कळेना, आणि ती पुरेशी नाही हे मला कळत होतं. त्या दिवशी मग काम पुढे झालं नाही. संध्याकाळी रोजा सोडताना त्याने खजुराची बशी माझ्यापुढे सरकवली, एवढंच.

ईद झाल्यावर रविवारी जमात बसली होती. तिथे उभं राहून मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. भाई आला नव्हता. पण पुढच्या आठवड्यात एक म्हातारे चाचा दारात आले, त्यांच्या पंपाचा नोझल घेऊन, आणि मला न विचारता थेट भाईला हाक मारली.

आता बदलांविषयी. भाईने कागदावर माप काढलं, लेथवाल्याने जाड पत्र्याची नवी पट्टी कापली. पूर्वीपेक्षा ती दुप्पट जाड आहे आणि झाकण रिबिटांनी पक्कं केलंय, म्हणजे कंटाळलेल्या मुलाला कानस घेऊन तिथे पोचताच येऊ नये. दुसरा बदल, इंजिनाच्या बाजूचे तिन्ही व्ही-बेल्ट उघडे होते, त्यांवर जाळीचं कव्हर बसवलं. लुंगीचं टोक किंवा ओढणी तिथे गेली तर हाताबाहेरची गोष्ट होते. तिसरा बदल माझ्या मते सर्वांत मोलाचा. सायकलच्या ब्रेकची मूठ आणि केबल घेतली. मूठ टिलरच्या डाव्या हाताला, केबल डिझेलच्या दांडीला. ती दांडी बंदच्या बाजूला खेचणारी एक स्प्रिंग लावली. मूठ दाबून धरली आहे तोवर इंजिन चालतं, हात सुटला की बंद पडतं. घसरून पडणारा माणूस पहिल्यांदा हातच सोडतो. सगळा खर्च अडीचशे रुपये. 1996 साली हे अडीचशे रुपयांचं काम कुणाला सुचलं असतं तर बाबांची बोटं वाचली असती. चौथा बदल, चिखलात चालणारी लोखंडी चाकं आमच्या अरुंद खाचरांसाठी दोन्ही बाजूंनी कापून कमी रुंदीची केली. एकूण खर्च एकतीस हजारांच्या आत बसला.

मे महिन्याच्या अखेरीस भाईने हॉपरमध्ये पाणी भरलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली, डीकॉम्पची कळ उचलून हँडल फिरवलं आणि वेग आल्यावर कळ सोडली. पहिल्यांदा पांढरा धूर, दुसऱ्यांदा नुसता खोकला. चौथ्यांदा इंजिन धडधडलं. आवाज ऐकून अम्मी आतून काठी टेकत आली. तिने यंत्राकडे पाहिलंच नाही. दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, “हात धुवा, जेवायला बसा.”

जूनमध्ये पहिल्या खाचरात उतरवताना मी पुन्हा चुकलो. उतारावर टिलर वळवायचा एक उलटा नियम आहे. सपाटीवर डाव्या मुठीचा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळतं. उतारावर मात्र इंजिन यंत्राला आवरून धरत असतं. डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटतं, पुढे धावतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. मी हे विसरलो होतो, टिलर बांधाकडे निघाला. मागून भाई ओरडला, “सोड हात!” मी सोडला. इंजिन जागच्या जागी बंद. बांधापासून हातभर अंतरावर. आमची केबल पहिल्या दिवशीच कामी आली.

तेव्हापासूनचे पावसाळे आमची लावणी वेळेवर होते. भाई जूनमध्ये पंधरा दिवस येतो. टिलर माझ्या गोठ्यात असतो, हत्यारपेटी पडवीत. ती आता तो परत नेत नाही. त्या तारेचं काय झालं, असं काही जण विचारतात. मला ती जपून ठेवायची होती. भाईने ती सरळ केली आणि अम्मीच्या पडवळाच्या मांडवाला बांधली. तिथेच ती आहे.

श्रोतेहो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पंप, टिलर. त्याचं एखादं कव्हर, एखादी जाळी, एखादी अडवणारी पट्टी कुणीतरी कामात अडचण होते म्हणून काढून ठेवलेली असेल. जुनं यंत्र दुरुस्त करायला काढलंत तर रंगापासून सुरुवात करू नका, तिथून सुरुवात करा. आणि ती पट्टी तुम्हीच काढलेली असेल, तर ज्याच्या नावावर ती बोलली जाते त्याला आधी जाऊन सांगा. पाऊस जवळ आला आहे.